भाऊ-बहीण परदेशी भेटीला येतात तेव्हा : नागपूरकरांसाठी व्हिसापासून वळकटीपर्यंत

सीताबर्डी (एडिसन, न्यू जर्सी)

धाकटा भाऊ नागपूरहून तीन आठवड्यांसाठी येणार आहे. वय २९, मिहानमधल्या कंपनीत नोकरी, लग्न व्हायचंय. आई-बाबांच्या भेटीवर इथे पुष्कळ धागे आहेत, पण भावंडांसाठी वेगळं काय करावं लागतं ते एका जागी सापडलं नाही. बी१/बी२ (अमेरिकेच्या भेटीच्या) व्हिसाचा फॉर्म अजून भरलेला नाही. व्हिसा, विमान, सामान, घर, फिरणं, कशावरही लिहा. युरोपवाल्यांनीही लिहा, म्हणजे धागा इतरांच्याही कामी येईल.

झिरो_माईल

सीताबर्डीताई, आई-बाबांची यादी भावाला लावू नका. पहिला फरक व्हिसाच्या खिडकीवरच पडतो. अमेरिकेच्या कायद्यातलं २१४(ब) कलम असं धरून चालतं की समोरचा माणूस तिथे कायमचा राहायलाच चालला आहे. तसं नाही हे अर्जदारानं पटवायचं. निवृत्त आईवडिलांचं घर, पेन्शन, गोतावळा नागपुरात असतो, त्यामुळे त्यांचं पटकन पटतं. एकोणतिशीतला अविवाहित मुलगा, त्यातून बहीण तिकडे, म्हणजे शंका दुप्पट. म्हणून सगळी तयारी त्याच्या नोकरीभोवती हवी, तुमच्या नोकरीभोवती नाही.

व्हिसाच्या ऑनलाईन अर्जात, म्हणजे डीएस-१६० फॉर्ममध्ये, भावंडांचे दोन प्रश्न आहेत, आणि गडबड तिथेच होते.

एक : 'आईवडील सोडून जवळचे नातेवाईक अमेरिकेत आहेत का?' यात सख्खे भाऊ-बहीण येतात. उत्तर 'हो', आणि तुमचा दर्जा (नागरिक, ग्रीनकार्ड, एच-१बी जो असेल तो) खरा लिहायचा. 'बहीण आहे म्हटलं तर नाकारतील' म्हणून कितीतरी लोक 'नाही' लिहितात. तुमच्या स्वतःच्या जुन्या अर्जांत भावाचं नाव असू शकतं. खोटं सापडलं तर ते नुसतं नकारावर थांबत नाही, चुकीची माहिती देऊन व्हिसा मागितला म्हणून कायमची बंदी लागू शकते.

दोन : 'तुमच्या वतीनं कोणी इमिग्रेशनचा अर्ज केला आहे का?' २१ वर्षांवरील अमेरिकन नागरिक आपल्या भावंडासाठी आय-१३० (नातेवाइकाला कायमचं बोलावण्याचा अर्ज) भरू शकतो, त्याला एफ४ वर्ग म्हणतात. भारतीयांसाठी ती रांग साधारण वीस वर्षांची आहे. तुम्ही नागरिक असाल आणि 'भरून ठेवू, कधीतरी नंबर लागेल' म्हणून अर्ज टाकला असेल, तर भावाला इथे 'हो' लिहावं लागेल. त्यानं व्हिसा आपोआप नाकारला जात नाही, पण अधिकारी त्यावर विचारणारच. भेटीला बोलावण्याचा बेत जवळचा असेल तर आधी भेट, मग एफ४, असा क्रम सोपा जातो. ग्रीनकार्डवाल्यांना भावंडासाठी अर्ज करताच येत नाही, त्यामुळे त्यांना हा प्रश्न नाही.

फॉर्म सुरू करताच अर्ज क्रमांक लिहून ठेवा. वीस मिनिटं काही केलं नाही की सत्र बंद पडतं आणि भरलेलं पान जातं. प्रत्येक पानावर 'सेव्ह' दाबायचं. गेल्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची खाती विचारतात, तीही सगळी द्यायची. फी १८५ डॉलर, व्हिसा मिळो न मिळो, परत नाही. अपॉइंटमेंटला जोडलेल्या फॉर्मचा बारकोड आणि हातातल्या फॉर्मचा बारकोड एकच हवा. मागाहून चूक सापडली म्हणून नवा फॉर्म भरला आणि तो जोडायचा राहिला, तर दारातूनच परत पाठवतात.

रामदासपेठकर

वरच्यात भर. नागपूरकर डोळे झाकून मुंबई निवडतात. भारतातल्या कुठल्याही अमेरिकन वकिलातीची तारीख घेता येते, आणि रस्त्यानं हैदराबाद सुमारे ५०० किलोमीटर, मुंबई ८०० च्या वर. सकाळची नागपूर–सिकंदराबाद वंदे भारत दुपारी पोचवते. त्याच दिवशी दुपारनंतर बोटांचे ठसे-फोटो (हे वेगळ्या केंद्रावर होतं, वकिलातीत नाही) आणि दुसऱ्या दिवशी मुलाखत, असं जमलं तर एकाच मुक्कामात काम होतं. गाडी उशिरा आली तर पंचाईत नको म्हणून ठशांची वेळ शक्य तेवढी उशिराची घ्या. मुंबईच घ्यायची तर रात्रीची दुरांतो किंवा विदर्भ पकडा, पण मुलाखतीच्या दिवशी सकाळी पोचणारी नको, आदल्या दिवशीची. मोबाईल, बॅग आत नेऊ देत नाहीत. सोबत कोणी असेल तर सामान त्याच्याकडे, नाहीतर हॉटेलवर.

दोन्ही शहरांच्या तारखा पाहा, ज्याची लवकर असेल ती. बाकी अभिमान बाजूला.

सीताबर्डी

निमंत्रणपत्र, माझा पगार, बँकेचा दाखला, हे सगळं तयार करायला घेतलं होतं. लागतं की नाही?

झिरो_माईल

अमेरिकेसाठी लागत नाही, त्यांच्या परराष्ट्र खात्यानंच तसं लिहून ठेवलं आहे : निमंत्रणपत्र किंवा आर्थिक हमीपत्र ही भेटीच्या व्हिसाची अट नाही. फाईलमध्ये एक साधं पत्र असलं तर बिघडत नाही, पण भावानं खिडकीवर पहिल्यांदा तेच पुढे करू नये. 'खर्च बहीण करणार' या वाक्यानं त्याची स्वतःची बाजू लंगडी होते. तिकीट आणि फिरण्याचा खर्च तो करतो, राहणं बहिणीकडे, हे जास्त बरं, अर्थात खरं असेल तरच.

त्यानं न्यायचं ते : मंजूर रजेचं पत्र (तारखा आणि कामावर परत रुजू होण्याचा दिवस लिहिलेलं), तीन महिन्यांच्या पगारपावत्या, फॉर्म १६, तीन वर्षांची आयकर विवरणं. धंदा असेल तर जीएसटी नोंदणी आणि शॉप ॲक्ट. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग असेल तर सातबारा. मुलाखत दोन-तीन मिनिटांची. कागद बघतीलच असं नाही, बहुतेकदा बघत नाहीत. कुठे काम करतोस, काय काम, पगार किती, किती दिवस जाणार, बहीण काय करते, एवढंच. उत्तर एका वाक्याचं. तीन आठवडे सांगून रजेच्या पत्रात दोन महिने असले तर संपलं.

फुटाळा (म्युनिक)

युरोपचा प्रकार बरोबर उलटा. तिथे तोंडी परीक्षा, इथे कागदी. मुलाखत नावाला, निर्णय फाईल बघून होतो.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी मुख्य कागद म्हणजे फेरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग, म्हणजे यजमानाचं हमीपत्र. साध्या कागदावर लिहून सही केलेलं चालत नाही. आपल्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात (आउसलेंडरबेहोर्ड) वेळ घेऊन जायचं, २९ युरो भरायचे, त्यांच्यासमोर सही करायची. पासपोर्ट, रेसिडेन्स परमिट, अलीकडच्या पगारपावत्या, घराचा भाडेकरार आणि पाहुण्याची पासपोर्टवरची माहिती लागते. तुमच्या पगारातून घरखर्च वजा जाऊन पाहुण्याचा भार पेलतो का, हे तिथला कर्मचारी बघतो. सही करताना नीट वाचा : पाहुण्याच्या आजारपणाचा, वेळ पडली तर परत पाठवण्याचाही खर्च तुमच्या माथी येतो.

मोठ्या शहरांत ही वेळ मिळायलाच आठवडे जातात. मूळ कागद कुरिअरनं नागपूरला पाठवावा लागतो, कारण अर्जासोबत मूळ प्रत दाखवायची असते. हमीपत्र सहीपासून सहा महिन्यांच्या आत वापरावं लागतं. म्हणून उलटं मोजा : प्रवासाच्या आधी साधारण चार महिने हमीपत्राच्या मागे लागा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून ते किमान १५ दिवस आधीपर्यंत करता येतो. निर्णयाला नियमानं १५ दिवस, अडलं तर ४५. भर उन्हाळ्यात पंधरा दिवसांवर विसंबणारा तिकिटाचे पैसे घालवतो.

बाकी : फी ९० युरो (जून २०२४ पासून). विमा किमान ३०,००० युरोचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीनंतर आणखी तीन महिने चालेल असा, दोन कोरी पानं. बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आठवडाभर आधी कोणीतरी दोन-तीन लाख टाकले असतील तर ते ठळक दिसतं आणि शंका वाढवतं. बाबांनी पैसे दिलेच असतील तर तसं पत्र जोडा.

आणखी एक. भाऊ म्युनिकला पाच दिवस आणि पॅरिस-ॲमस्टरडॅमला बारा दिवस फिरणार असेल तर अर्ज जर्मनीकडे होत नाही. जिथे जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दिवस समान असतील तर जिथून शिरणार तो देश. 'ताई जर्मनीत आहे ना, मग जर्मनी' हे गणित नकाराचं नेहमीचं कारण आहे. नकार आला तर पूर्वी जर्मन वकिलातीकडे फेरविचार मागता यायचा, १ जुलै २०२५ पासून ते बंद झालं. आता नवा अर्ज किंवा बर्लिनचं प्रशासकीय न्यायालय, म्हणजे व्यवहारात नवा अर्जच.

अंबाझरी (लंडन)

इंग्लंडपुरतं थोडक्यात : अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून, निर्णय बहुधा तीन आठवड्यांत. मुक्काम सहा महिन्यांपर्यंत. पत्रापेक्षा भावाच्या खात्याचा सहा महिन्यांचा प्रवाह बघतात.

लॅपटॉपवाल्या भावंडांसाठी महत्त्वाचं : ३१ जानेवारी २०२४ पासून इंग्लंडमध्ये भेटीवर आलेल्यानं आपल्या देशातल्या नोकरीचं काम दूरून करायला मुभा आहे, फक्त येण्याचा मुख्य हेतू तो नसावा. दोन मीटिंगा घरून केल्या तर चालतं. ही मुभा इंग्लंडची आहे, ती बघून अमेरिकेत किंवा जर्मनीत तसं समजू नका.

झिरो_माईल

बरोबर. अमेरिकेच्या विमानतळावर 'इथून वर्क फ्रॉम होम करणार' असं म्हणायची गरजही नाही आणि बेतही नको. तीन आठवडे आहेत, रजा टाकून या.

गोंडखैरी

बहीण बाळंतपणाला येणार असेल तर? आई येऊ शकत नाही, मोठी बहीण येते, असं आता बरंच होतं.

झिरो_माईल

'बाळ सांभाळायला चालले' हे वाक्य खिडकीवर बोलू नये, कारण पगारी आयाचं काम बी२ वर चालत नाही आणि अधिकाऱ्याला ते तसंच ऐकू येतं. बहिणीला भेटायला, बाळ बघायला जाणं हा रास्त हेतू आहे आणि खराही आहे. पण नोकरी करणारी मोठी बहीण सहा महिने येणार म्हणाली तर 'मग नोकरीचं काय?' हा प्रश्न येईल. तिच्या रजेइतकेच दिवस सांगा.

तर्री

राजेहो, व्हिसा झाला असं धरा, आता पोटाचं बोला. भाऊ येऊन राहिला म्हटल्यावर घरून मसाला, वड्या, लोणचं, सगळं येणार. काय भरायचं अन् काय नाही ते सांगतो.

संत्री नाही. एकही नाही. अमेरिकेत ताजी लिंबूवर्गी फळं नेऊ देत नाहीत, अन् युरोपात फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याच्या) दाखल्याशिवाय नाही. कढीपत्ताही नाही : संत्र्या-लिंबाच्या झाडांना मारणारा ग्रीनिंग रोग ज्या किडीतून पसरतो ती कढीपत्त्यावर जगते. नागपूरवाल्याला तरी हे समजावून सांगावं लागू नये. तांदूळ नाही, खाप्रा किडीमुळे अमेरिकेत बंद आहे. त्यामुळे भंडाऱ्याचा चिन्नोर घरीच राहू द्या. युरोपात दूध अन् मांसाचे पदार्थ पूर्ण बंद : तूप, पेढे, खव्याची बर्फी, पनीर काही नाही. संत्रा बर्फी असेल तर डब्यावरचं वाचा, दूध-खवा असेल तर युरोपात नाही. अमेरिकेत मिठाई घोषित करा, अधिकारी ठरवेल. घोषित केली तर फार तर ती वस्तू काढून टाकतात, लपवली तर दंड.

सुकं खोबरं अख्खं असेल तर बॅगेत नको. तेलकट वाटीला आपोआप पेट घेणाऱ्या मालात धरतात, नागपूर विमानतळावरच काढून घेतात. मसाल्यात भाजून दळलेलं आहे ते ठीक.

अन् सावजी मसाल्याचं नीट ऐका. त्यात खसखस असते. अमिरातीत खसखस अमली पदार्थांच्या यादीत आहे. शारजा किंवा दुबईमार्गे तिकीट असेल अन् बॅग मधे हातात घ्यावी लागणार असेल, तर खसखस नसलेला मसाला करून घ्या, खसखस तिकडे विकत घ्या. सुटी खसखस तर त्या मार्गानं नेऊच नका.

भरण्यासारखं : सावजी अन् गोडा मसाला, मिरचीची पूड, सांडगे, मुगवड्या, कुरड्या, लोणचं. कुरड्यांचा चुरा होतो, त्या कपड्यांच्या मधे टणक डब्यात. लोणच्याची बरणी नको. तेल वर आलेलं लोणचं दोन पिशव्यांत सील करून, बाहेरून प्लास्टिकचा डबा. मसाले सगळे चेक-इनमधे : मिरचीपूड केबिनमधे चालत नाही, अन् अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातातल्या बॅगेत असली की वेगळी तपासणी. प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत नाव लिहा. घरच्या डंकावरची लाल पूड अधिकाऱ्याला काय वाटेल सांगता येत नाही.

रामदासपेठकर

तर्रीभाऊ, कुरड्यांसाठी टणक डबा, हे लाखाचं बोललात.

तिकिटाबद्दल. नागपूर ते न्यू जर्सी सगळं एकाच पीएनआरवर घ्या. नागपूर–मुंबई वेगळं आणि मुंबई–अमेरिका वेगळं घेतलं की तीन-चार हजार वाचल्यासारखे वाटतात, पण : देशी तिकिटावर सामान १५ किलो, परदेशी तिकिटावर बहुतेक कंपन्यांत २३ किलोच्या दोन बॅगा. म्हणजे नागपूरला ३१ किलो जादाचे पैसे. शिवाय मुंबईत बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन, आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. एका पीएनआरवर परदेशी मर्यादा नागपूरपासून लागू होते आणि विमान चुकलं तर पुढचं देणं त्यांच्या अंगावर येतं. दोहामार्गे नागपूरहून थेट चढता येतं, तेव्हा मुंबई लागतच नाही. वेळापत्रक मोसमागणिक बदलतं, ते तेवढं बघून घ्या.

बॅग घरी २२ किलोवर थांबवा. घरचा काटा आणि विमानतळाचा काटा सहसा जुळत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

अमेरिकेत ज्या पहिल्या विमानतळावर उतरेल तिथे बॅगा ताब्यात घेऊन कस्टममधून न्याव्या लागतात, पुढचं विमान असलं तरी. तिथे कमीत कमी तीन तास ठेवा. तुमचा पत्ता आणि फोन कागदावर लिहून द्या, कारण उतरल्यावर फोनला नेट असेलच असं नाही आणि अधिकारी दोन्ही विचारतो. घरी आल्यावर सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमा-कस्टम खात्याच्या) संकेतस्थळावर आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, उघडून बघा. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत आय-९४ वरची, साधारण सहा महिने. नाव किंवा तारीख चुकली असेल तर लगेच दुरुस्त करून घेता येते.

धरमपेठ_डॉक्टरीण

विम्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून.

अमेरिकेसाठी दोन प्रकार असतात. 'फिक्स्ड' स्वस्त, पण प्रत्येक भेटीला, प्रत्येक दिवसाला ठरावीक रक्कम देतो, उरलेलं बिल तुमचं. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' मध्ये सुरुवातीची ठरलेली रक्कम (२५० किंवा ५०० डॉलर) तुम्ही भरता, पुढचं मर्यादेपर्यंत ते. धडधाकट तिशीतल्या माणसाला तीन आठवड्यांसाठी कॉम्प्रिहेन्सिव्ह फार महाग पडत नाही. वय वाढतं तसा हप्ता चढतो, म्हणून आई-बाबांच्या वेळी लोक फिक्स्डकडे वळतात. भावासाठी ते करू नका. १,००,००० डॉलरची मर्यादा आणि एक हाडमोड, असं गणित डोळ्यांसमोर ठेवा.

जुन्या आजारांसाठी 'अक्यूट ऑनसेट' हे कलम शोधा. रक्तदाब, मधुमेह, दमा असेल तर पॉलिसी जुन्या आजाराचा नेहमीचा उपचार देत नाही, फक्त अचानक आलेला झटका देते, तोही अटी घालून. औषधं नागपूरहूनच : मुक्कामापेक्षा दहा दिवस जास्तीची, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. कोडीन, ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्या अमिरातीमार्गे नेऊ नका. चष्म्याचा नंबर आणि जुना चष्मा सोबत. तिकडे डोळे तपासून नवा चष्मा करणं जड जातं.

ताप, लचक, उलटीसाठी 'अर्जंट केअर' (किरकोळ तातडीच्या दुखण्यांचा दवाखाना), इमर्जन्सी रूम नाही. दोन्हींच्या बिलांत फार मोठा फरक असतो. घराजवळचं अर्जंट केअर आधीच बघून फ्रिजवर पत्ता लावून ठेवा.

गोरेवाडा

घरातलं.

भाडेकरार वाचा. अमेरिकेतल्या बऱ्याच करारांत पाहुण्याचे दिवस बांधलेले असतात, १४ दिवस हा आकडा नेहमी दिसतो. तीन आठवडे म्हणजे ऑफिसला ईमेल टाकून ठेवायचा. जर्मनीत परदेशातून आलेल्या पाहुण्याला तीन महिन्यांपर्यंत पत्त्याची नोंदणी करावी लागत नाही.

झोपायचं. हवेच्या गादीला पहिल्या दोन रात्री हवा कमी होते, ती फुटलेली नसते : प्लॅस्टिक ताणतं आणि रात्री गारठ्यात आतली हवा आकसते. पहिल्या दिवशी भरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, मग ती बसते. वर चादरीआधी जाड रजई अंथरा, नाहीतर हिवाळ्यात खालून पाठ गार पडते, पांघरूण कितीही घेतलं तरी. तीन आठवडे असतील तर हॉलच्या कोपऱ्याला पडदा लावा. आई-बाबा नऊला झोपतात, भाऊ रात्री एकपर्यंत मोबाईल बघतो, आणि तुमच्या घरात लहान मूल असेल तर तोच हॉल सकाळी साडेसहाला जागा होतो.

न्हाणीघर पहिल्याच दिवशी दाखवा. इकडच्या न्हाणीघराच्या फरशीला मोरी नसते, पाणी फक्त टबातून जातं. टबाबाहेर बादली-तांब्यानं अंघोळ केली तर पाणी खालच्या घराच्या छतातून उतरतं आणि दुरुस्तीचं बिल तुमच्या नावे येतं. शॉवरचा पडदा टबाच्या आत सोडायचा.

फोडणी. धूर ओळखणारा गजर सावजी रस्स्याला आग समजतो. आधी चिमणी, मग खिडकी, मग तेल. गजराची बॅटरी काढू नका. काही इमारतींत तो वायरनं इमारतीच्या गजराला जोडलेला असतो आणि वाजला की सगळे रहिवासी खाली उतरतात.

वीज : अमेरिकेत १२० व्होल्ट. भावानं भेट म्हणून आणलेला मिक्सर चालणार नाही, ट्रिमरवर '१००–२४०' लिहिलेलं बघा. जर्मनीत २३० आहे, उपकरण चालेल, फक्त अडॅप्टर हवा.

सीताबर्डी

मोरीचं आणि पडद्याचं वाचून आधी भावाला पाठवलं. आता फिरायचं. मला सलग रजा नाही.

संत्रानगरी (जर्सी सिटी)

ताई, सलग रजेची गरजही नाही. आई-बाबांना घरातून एकटं सोडता येत नाही, भावाला येतं. पहिल्या दिवशी त्याच्या हातात चार गोष्टी द्या : घराची किल्ली, नेट असलेलं सिम, चालणारं कार्ड, आणि रेल्वेचं ॲप. मग तो सोमवार ते गुरुवार तुमच्यावर अवलंबून राहत नाही आणि तुम्ही कामात असताना हॉलमध्ये टीव्ही बघत कंटाळत नाही.

सिम : प्रीपेड ई-सिम निघायच्या आधी टाकून ठेवायचं, उतरल्यावर सुरू. भारतीय सिम फोनमध्ये राहू द्या, आंतरराष्ट्रीय रोमिंग नागपुरातच सुरू करून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. येणारा एसएमएस रोमिंगमध्ये फुकट असतो. रिचार्ज मुक्कामात संपणार नाही एवढा.

पैसे : फॉरेक्स कार्ड, आणि बँकेच्या ॲपमध्ये परदेशी वापर आणि 'टॅप' दोन्ही सुरू. रोख परकी चलन ३,००० डॉलरपर्यंत नेता येतं, पण दोन-तीनशे पुरतात.

एडिसनहून न्यूयॉर्क पेन स्टेशन साधारण तासाभरात. भुयारी रेल्वेला मेट्रोकार्ड आता विकत मिळत नाही, कार्ड किंवा फोन टॅप करायचा. एकाच कार्डानं सात दिवसांत बारा फेऱ्या झाल्या की पुढच्या फुकट, म्हणून कार्ड बदलू नये. स्टॅटन आयलंडची फेरी फुकट आहे आणि स्वातंत्र्यदेवीचा पुतळा त्यातून चांगला दिसतो. तिकीट काढून बेटावर जायचं की नाही हे ते पाहून ठरवा.

तुमची रजा पहिल्या आठवड्यात घालवू नका. साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक आहे, पहिले चार-पाच दिवस तो दुपारी पेंगणार आणि पहाटे तीनला उठून फ्रिज उघडणार. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दोन दिवस टाका, नायगारा किंवा वॉशिंग्टन करा. नायगाऱ्याला रेनबो ब्रिजच्या रांगेत चुकून शिरू नका. पलीकडे कॅनडा, त्याचा वेगळा व्हिसा.

गाडी त्यानं चालवायची असेल तर नागपूरच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा, एक वर्ष चालतो, सोबत मूळ परवानाही लागतो. भाड्याच्या गाडीवर त्याचं नाव जादा चालक म्हणून लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका, अपघातात विमा हात वर करतो.

फुटाळा (म्युनिक)

जर्मनीत येणाऱ्यांनी डॉइशलांटटिकेट बघा : २०२६ पासून महिन्याला ६३ युरो, स्थानिक गाड्या-बस-मेट्रो सगळ्या, लांबच्या जलद गाड्या सोडून. नावावर असतं, तुमचं तिकीट भावाला चालत नाही. ते वर्गणी आहे, महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे जातात. रविवारी दुकानं बंद, तेव्हा शनिवारी उतरणार असेल तर दूध-भाजी आधी भरा.

गोंडखैरी

पैशावर कोणी स्पष्ट बोलत नाही. कोण कुठे खर्च करतो?

रामदासपेठकर

आधी बोलून घेतलेलं बरं, भावा-बहिणीत तर नक्कीच, कारण जिजाजी किंवा वहिनीही त्या घरात आहेत. सरळ वाटणी : घरातलं जेवण आणि गाडीचं पेट्रोल यजमानाचं, तिकिटं आणि खरेदी पाहुण्याची, हॉटेलचं राहणं अर्धं-अर्धं. हे तो निघायच्या आधी, त्याच्याशी बोला, आईमार्फत नको.

सीताबर्डी

शेवटचं : परतताना फोन घ्यायचा म्हणतो.

संत्रानगरी (जर्सी सिटी)

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनला १४ पासून सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम. त्याचं सिम ज्या कंपनीचं आहे ती नागपुरात ई-सिम देते का, हे आधी विचारायला सांगा. न्यू जर्सीत विक्रीकर ६.६२५ टक्के, तो किमतीच्या पाटीवर नसतो, बिलात वर चढतो. कपड्यांवर मात्र कर नाही, तेव्हा जॅकेट-बूट न्यू जर्सीतच घ्या. लॅपटॉप एक करमुक्त नेता येतो. फोन नेहमीच्या करमुक्त मर्यादेत धरतात, म्हणून बिल जपून ठेवा. स्वतःचा महागडा कॅमेरा नागपूरहून आणत असेल तर निघतानाच भारतीय कस्टमकडून निर्यात दाखला करून घ्यावा, नाहीतर परतताना तो नवीनच आणला असं धरतात.

आणि जाताना एक बॅग मोकळी राहते, कारण मसाले तुमच्याकडे राहिले. ती भरायला नातेवाइकांच्या याद्या येतात. २३ किलो संपले की यादी बंद, हे भावालाच फोनवर सांगू द्या.